शाळानिवडीचें धर्मसंकट

इंग्रजी भाषेंत 'पब्लिक स्कूल' या दोन शब्दांइतके फसवे शब्द थोडेच असतील. शब्दांवर जावें तर लोकांच्या पैशानें लोकांच्या मुलांसाठीं चाललेली शाळा असा अर्थ निघावा. पण इंग्लंडांतील रूढ अर्थ याच्या अगदीं उलट आहे. ईटन, हॅरो, विंचेस्टर इत्यादि ज्या शाळा या नांवानें ओळखल्या जातात त्यांची फी सामान्य इंग्रज कुटुंबाच्या आटोक्यापलीकडची असते. यांतील मौज अशी, कीं त्यांतल्या जुन्या शाळा निघाल्या त्या गरिबांसाठींच. विल्यम ऑफ वायकम या धर्माधिकाऱ्यानें १३८२ सालीं विंचेस्टरच्या शाळेची सनद केली ती सत्तर गरीब विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीं, आणि सहाव्या हेन्री राजानें १४४० सालीं ईटन स्थापन केल्यावर पुढें तेथेंहि हाच सत्तरांचा आंकडा धरला गेला. मागाहून पैसे देणारीं मुलें येऊं लागलीं, त्यांची संख्या वाढत गेली, आणि १८६८ सालीं पार्लमेंटनें खास कायदा करून अशा सात शाळांच्या कारभाराची घडी नव्यानें बसविली, तोंवर नांव तेवढें सार्वजनिक राहून वस्तु खाजगी झालेली होती.

अशा शाळेंत मूल घालावें, कीं करांच्या उत्पन्नांतून चालणाऱ्या सरकारी शाळेंत पाठवावें, या प्रश्नानें तेथील सुशिक्षित मध्यमवर्गाला फार दिवस छळलें आहे. शंभरांतलीं सुमारें सातच मुलें इंग्लंडांत खाजगी शाळांत जातात. पण वरिष्ठ न्यायाधीश, राजदूत, मंत्री, वृत्तपत्रांचे संपादक यांची यादी काढली कीं या सातांचें प्रमाण एकदम फुगतें. म्हणून जो मनुष्य समतेचा कैवार घेतो, निवडणुकींत मजूरपक्षाला मत देतो, आणि स्वतःच्या मुलाला मात्र भारी फीच्या शाळेंत घालतो, त्याच्याकडे शेजारीपाजारी बोट दाखवितात. ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजांत राज्यशास्त्राचें अध्यापन करीत असतां अ‍ॅडम स्विफ्ट यांनीं २००३ सालीं नेमका याच मनुष्यासाठीं एक आटोपशीर ग्रंथ लिहिला. त्याचें नांव 'हाउ नॉट टु बी अ हिपॉक्रिट', म्हणजे 'ढोंगी कसें होऊं नये'. आणि नैतिक पेंचांत पडलेल्या आईबापांना शाळेची निवड करतांना उपयोगी पडावें, अशा अर्थाचें त्याला उपनांव आहे. ग्रंथ निघून वीस वर्षांवर काळ लोटला. तरी त्याचा येथें विचार करण्याचें कारण असें, कीं ज्या घरांत प्रस्तुत मासिक वाचलें जातें त्या घरांतहि जून महिन्याच्या पुष्कळ आधीं हाच पेंच पडतो, आणि 'मुलाच्या भवितव्याशीं खेळ नको' एवढ्या एका वाक्यानें तो बहुधा सोडविला जातो. त्या वाक्याची इतकी कसून केलेली उलटतपासणी आमच्या वाचनांत दुसरी आलेली नाहीं.

ग्रंथाचे दोन भाग आहेत, आणि त्या दोहोंतील भेद हेंच ग्रंथाचें मर्म होय. पहिल्या भागांतला प्रश्न असा, कीं समाजानें नियम कोणते करावे? खाजगी शाळांना मुळीं परवानगीच असावी काय? दुसऱ्या भागांतला प्रश्न निराळा आहे. नियम आज आहेत तसे गृहीत धरले, तर एकट्यादुकट्या आईबापांनीं काय करावें? आपल्याकडील वादांत हे दोन प्रश्न एकमेकांत असे गुंतून जातात, कीं 'तुमचीं मुलें कोठें शिकतात?' एवढें विचारलें म्हणजे बोलणाराचें तोंड बंद व्हावें अशी समजूत आहे. तोंड बंद करण्याचा हा मार्ग सोपा खरा. पण त्यांत तर्काची चूक आहे. रस्त्यांवर मोटारींची गर्दी फार झाली, सर्वांनींच बसनें प्रवास करावा असा निर्बंध व्हावा, असें मत असलेला मनुष्य निर्बंध होईपर्यंत स्वतःची मोटार चालवीत असेल. त्याला भित्रा म्हणावें, आळशी म्हणावें. पण तेवढ्यानें तो ढोंगी ठरत नाहीं. त्याचें मत सर्वांना सारख्या लागू होणाऱ्या नियमाविषयीं आहे, आणि नियम नसतांना एकट्यानें मोटार घरीं ठेवली तर गर्दी कमी होत नाहीं. हा भेद एकदां नीट मनांत बसला म्हणजे निम्मे वाद आपोआप गळून पडतात. हा दृष्टान्त आमचा आहे. पण ज्यांना आगरकरांचे निबंध वाचून युक्तिवादाची चटक लागली आहे, त्यांना ग्रंथकारांचें असलें विवेचन वाचतांना खासच आनंद होईल.

पहिल्या प्रश्नाचें ग्रंथकारांचें उत्तर कडक आहे. पैशावर किंवा प्रवेशपरीक्षेवर मुलें निवडून घेऊन त्यांना इतरांच्या पुढें काढणाऱ्या शाळा असूंच नयेत, या मतापर्यंत ते वाचकाला पायरीपायरीनें नेतात. आईबापांनीं आपल्या मुलाकडे इतरांच्या मुलांहून अधिक लक्ष द्यावें, हें त्यांना मान्य आहे. किंबहुना तसें जे देत नाहींत ते आईबाप कसले? रात्रीं निजतांना मुलाला गोष्ट वाचून दाखविणें ही क्रिया त्यांनीं यासाठीं उदाहरण म्हणून घेतली आहे. ज्या मुलाला अशा गोष्टी ऐकावयास मिळतात तें शाळेंत पुढें जातें, म्हणजे इतर मुलांना त्यापासून एका परीनें तोटाच होतो. तरी ती कोणी बंद करूं पाहील तर आईबाप आणि मूल यांच्या नात्यांतलाच एक तंतु तुटेल. म्हणून ती न्याय्य. फी भरून शाळा विकत घेणें मात्र या जातीचें नव्हे. ती घेतली नाहीं म्हणून माया कमी होत नाहीं, घरांतलें कांहींच उणें होत नाहीं. उणी होते ती फक्त शर्यतींतील आघाडी.

शर्यत हा शब्द आम्हीं मुद्दामच योजला. शिक्षणाचें एक अंग असें आहे, कीं त्याची किंमत मला किती मिळालें यापेक्षां इतरांहून किती अधिक मिळालें यावर ठरते. पालखीच्या वाटेवर दाटी झालेली असते. एखादा बाप मुलाला खांद्यावर घेतो; त्या मुलाला छान दिसतें. तें पाहून शेजारचा घेतो, मग त्याच्या पलीकडचा. थोड्या वेळानें खांद्यांवरच्या मुलांना पूर्वीं जमिनीवरून दिसत होतें त्याहून फारसें अधिक दिसत नाहीं, बापांचे खांदे मात्र दुखूं लागतात. आणि ज्याचा बाप आलेलाच नाहीं त्या पोराला समोर नुसत्या पाठी दिसतात. खाजगी शाळा बंद केल्यानें वरचीं मुलें खालीं येतील, खालचीं कांहीं वर जाणार नाहींत, असा जो आक्षेप नेहमीं येतो त्याला यांतच उत्तर आहे. आक्षेप घेणारे शिक्षणाला अन्नासारखें मानतात. शेजाऱ्याचें ताट कमी केल्यानें माझें पोट भरत नाहीं, हें खरें. पण वैद्यकीच्या प्रवेशाच्या जागा ठराविक असल्या तर शेजाऱ्याची आघाडी कमी होणें म्हणजेच माझी संधि वाढणें होय.

येथें आमचा एक लहानसा मतभेद नोंदवून ठेवितों. भूमितीचा सिद्धान्त समजला, एखादी चांगली कविता पाठ झाली, पावसाळ्यांत शाळेमागच्या ओढ्याला पूर कां येतो हें कळलें, तर तो लाभ शेजारच्या मुलाला कळल्यानें घटत नाहीं. ग्रंथकार हें नाकारीत नाहींत. परंतु त्यांच्या विवेचनाचा सगळा भार शर्यतीवर पडल्यामुळें शाळा ही केवळ जागा वांटून देणारी कचेरी आहे असें वाचकाला अधूनमधून वाटूं लागतें. खुद्द आईबापांचेंहि तसेंच होतें, हा कांहीं बचाव नव्हे.

दुसऱ्या भागांत हेच कडक ग्रंथकार एकदम मवाळ झाले, असें पुष्कळांना वाटेल. खाजगी शाळा नसाव्यात असें प्रामाणिक मत असूनहि त्या आहेत तोंवर त्यांत मूल घालणें कांहीं प्रसंगीं समर्थनीय ठरतें, असें ते म्हणतात. केव्हां? जी सरकारी शाळा वांट्याला येत आहे ती खरोखरच अपुरी असेल तेव्हां. मूल तेथें छळानें खचून जाण्याचें भय असेल तेव्हां. किंवा इतरांनीं पैसे टाकून पुढच्या जागा अडविल्यामुळें त्याला न्याय्य वांट्याहूनहि कमी मिळणार असेल तेव्हां. आपल्या तत्त्वापायीं मुलाचें नुकसान करण्याचा आईबापांना अमर्याद अधिकार नाहीं, हें ते गंभीरपणें मानतात. पण न्याय्य वांट्याहून अधिक मिळावें, एवढ्यासाठींच शाळा विकत घेतली जात असेल तर समर्थन तेथेंच संपतें. चांगलें घर, घरांत पुस्तकें, शिकलेले आईबाप हीं ज्या मुलाला आधींच लाभलीं आहेत, त्याला सामान्य शाळेंतहि न्याय्य वांट्याहून अधिकच मिळत असण्याचा संभव फार. म्हणजे जे वर्ग ही सवलत मागतात त्यांनाच ती सहसा लागू पडत नाहीं. हा मवाळपणा किती फसवा आहे तें या ठिकाणीं कळून येतें.

शाळा 'अपुरी' आहे हें ठरवावयाचें कोणी? अर्थात् आईबापांनींच, आणि मेख आहे ती येथें. मनुष्य स्वतःशीं फारसा खरें बोलत नाहीं, हें जाणून ग्रंथकार वाचकाला पुन्हा पुन्हा आपलीं कारणें तपासावयास लावतात. आपल्याकडे अशा प्रसंगीं तीन शब्द फार उपयोगी पडतात. शिस्त, संस्कार आणि वातावरण. शाळा पाहून परत आलेल्या जोडप्याला विचारावें, काय पाहिलें? शिक्षक वर्गांत शिकवितो कसा, हें बहुधा पाहिलेलें नसतें. तें कोणी पाहूं देत नाहीं, आणि पाहूं द्या म्हणणाराहि विरळाच. पाहिलेलें असतें तें फाटक, गणवेश, फाटकाशीं उभ्या असलेल्या मोटारी, आणि मधल्या सुटींत बाहेर आलेलीं मुलें. 'वातावरण चांगलें आहे' याचा अर्थ पुष्कळदां एवढाच असतो, कीं त्या मुलांचे आईबाप आपल्यासारखे दिसतात; आणि 'वातावरण बरें नाहीं' याचा अर्थ असा, कीं आपल्या घरीं धुणीभांडीं करणाऱ्या बाईची मुलगी त्याच बाकावर बसते. असें कोणी उच्चारीत नाहीं. मनांतल्या मनांत उच्चारीत असेल, असेंहि नाहीं. 'वातावरण' या सोयीच्या शब्दानें ती गरजच ठेविलेली नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं हीच गोष्ट जातीचें नांव घेऊन उघडपणें बोलली जात असे. तेव्हांचा अन्याय मोठा होता यांत शंका नाहीं. पण निदान त्याच्याशीं भांडतां तरी येत असे.

ज्या सुमारास हा ग्रंथ लिहिला गेला त्या सुमारास इंग्लंडांत याच प्रश्नावर राजकारण तापलेलें होतें. टोनी ब्लेअर यांनीं आपल्या मुलांना घराजवळची शाळा सोडून लंडन ऑरेटरी या, सरकारी पण कॅथॉलिक पंथाच्या, नांवाजलेल्या शाळेंत घातलें. हॅरिएट हरमन यांनीं १९९६ सालीं आपल्या मुलासाठीं प्रवेशपरीक्षा घेणारी शाळा निवडली. त्यांच्या पक्षाचा तर असल्या परीक्षेलाच विरोध. या दोघांवर टीका करणाऱ्या त्याच पक्षाच्या डायान अ‍ॅबट यांनीं २००३ सालीं, म्हणजे ग्रंथ निघाला त्याच वर्षीं, मुलाला लंडनमधील एका खाजगी शाळेंत पाठविलें, आणि या निर्णयाचें समर्थन होऊं शकत नाहीं अशी स्वतःच कबुली दिली. वृत्तपत्रांनीं तिघांनाहि एकाच मापानें मोजलें. स्विफ्ट यांचा ग्रंथ हातीं घेतलेल्या वाचकाला तसें करतां येणार नाहीं. लंडनमधल्या कृष्णवर्णीय मुलांची शाळांतून जी आबाळ होत होती तिच्याविरुद्ध अ‍ॅबटबाई वर्षानुवर्षें बोलत आल्या होत्या. तिघांत समर्थनाला कांहीं आधार असलाच तर तो त्यांनाच अधिक होता. त्यांचें चुकलें तें त्या शाळेंत मुलाला घालण्यांत, कीं आधीं दुसऱ्यांवर केलेल्या टीकेंत? आमच्या मतें टीकेंत. पण हा निवाडा प्रत्येकानें स्वतः करून पाहावा. तेवढ्यासाठीं ग्रंथ वाचण्यासारखा आहे.

आतां ग्रंथाची उणीव. ती किरकोळ नाहीं. हा सगळा विचार एका मुलाच्या आणि त्याच्या आईबापांच्या बाजूनें चालतो. मूल गेल्यानें मागें राहिलेल्या वर्गाचें काय होतें, हा प्रश्न ग्रंथकारांना ठाऊक नाहीं असें मुळींच नाहीं; परंतु एकट्या मुलाच्या जाण्यानें होणारा परिणाम अल्प असतो, या हिशेबाखालीं तो दबून जातो. या बाबतींत आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचा १९७० सालचा 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' हा लहानसा ग्रंथ अधिक खोल गेलेला आहे. कोणतीहि संस्था बिघडूं लागली म्हणजे माणसापुढें दोन वाटा असतात. निघून जावें, किंवा राहून ओरड करावी. मिल्टन फ्रीडमन यांनीं १९५५ सालीं असें सुचविलें होतें, कीं शिक्षणाचा खर्च सरकारनें आईबापांच्या हातीं द्यावा आणि त्यांना हवी ती शाळा निवडूं द्यावी. नापसंति दाखविण्याचा हाच सरळ मार्ग, सभासमित्यांचा मार्ग किचकट. यावर हर्शमन यांचें म्हणणें असें, कीं निघून जाणें ज्यांना सर्वांत आधीं सुचतें आणि परवडतें, तींच माणसें राहिलीं असतीं तर सर्वांत मोठ्यानें बोललीं असतीं. बिघडलेला माल ज्याला ओळखतां येतो तो दुकान सोडतो. दुकानदाराला मग तक्रार अशी ऐकूंच येत नाहीं. सार्वजनिक शाळेचें उदाहरण हर्शमन यांनीं स्वतःच दिलें आहे. मुलासंगें आईबापांचा आवाजहि शाळेबाहेर जातो. एका मुलाच्या जाण्यानें वर्गाचें फारसें बिघडत नसेल. पण मुख्याध्यापकाला पत्र लिहूं शकणारीं पहिलीं दहा घरें गेलीं म्हणजे अकराव्या घराला शाळा खरोखरच अपुरी झालेली दिसते. स्विफ्ट 'शाळा पुरेशी आहे काय?' असें विचारतात तेव्हां तें पुरेसेपण आभाळांतून पडल्यासारखें गृहीत धरलें जातें.

ही उणीव इंग्लंडांत एक वेळ चालून जाईल. तेथें शंभरांतलीं त्र्याण्णव मुलें अजून सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळांतच आहेत, त्यांत डॉक्टरांचीं, वकिलांचीं, प्राध्यापकांचीं मुलें पुष्कळ. चांगल्या शाळेच्या आसपास घरांचे भाव चढतात हा निराळा रोग, पण ओरड करणारे घरांत शिल्लक आहेत. १ जानेवारी २०२५ पासून तेथील सरकारनें खाजगी शाळांच्या फीवर वीस टक्के कर बसविला, त्यावर गदारोळ झाला. पण गदारोळ करणारे थोडे आणि तो पाहणारे बहुत, असें तें चित्र होतें. हाच ग्रंथ घेऊन महाराष्ट्रांत उतरावें, म्हणजे त्याची उणीव कोठें आहे तें तात्काळ दिसतें.

आपल्याकडे 'खाजगी शाळा' या शब्दाचा इतिहास इंग्लंडाहून वेगळा आहे. १८८० सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक प्रभृतींनीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल काढलें तें खाजगीच. १९१९ सालीं भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली तीहि खाजगीच. त्या खाजगीपणाचा अर्थ थोड्या वेतनावर शिकविण्याची तयारी असा होता. आणि रयतेच्या बाबतींत तर जेथें शाळाच नव्हती तेथें ती नेणें असा. पुढें अनुदान आलें, आणि व्यवस्थापन संस्थेचें पण शिक्षकाचा पगार सरकारचा, असा एक मधला प्रकार रूढ झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील शहरी मराठी मध्यमवर्ग बहुतांशीं या मधल्या शाळांतून वाढला. शाळेचा अभिमान खाजगी आणि खर्च सार्वजनिक, अशी ती सुखाची स्थिति असल्यामुळें स्विफ्ट यांचा पेंच त्याला फारसा पडलाच नाहीं. २०१२ सालीं महाराष्ट्रानें स्वयंअर्थसहाय्यित शाळांसाठीं स्वतंत्र कायदा केला. फीवर चालणाऱ्या शाळांचा ओघ त्यापूर्वींच सुरू झाला होता, त्याला या कायद्यानें मोकळें पात्र मिळालें.

प्राथमिक शाळेची कथा मात्र पहिल्यापासून दीनवाणी आहे. शेतसारा रयत भरते आणि तिच्या पैशावर वरच्या वर्गांचें उच्च शिक्षण चालतें, ही तक्रार जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडली. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें गोखल्यांचें विधेयक १९११ सालीं आलें आणि पुढच्या वर्षीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं हुकूम काढून काम पुरें केलें, तें संस्थानापुरतें. देशभर सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क कायद्यानें मिळावयास २०१० चा एप्रिल उजाडावा लागला. तोंवर नगरपालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांतून बोलकीं घरें कधींच उठून गेलीं होतीं. आणि आतां तर त्या शाळेंत शिकविणारा गुरुजीहि स्वतःचें मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत पाठवितो.

या कायद्यांतील एक कलम येथें फार बोलकें ठरतें. खाजगी विनाअनुदानित शाळांनीं प्रवेशाच्या वर्गांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांना द्याव्या, असें तें सांगतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें नियम बदलून असें ठरविलें, कीं ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तिच्यावर हें बंधन नाहीं. मुंबई उच्च न्यायालयानें जुलैंत तो बदल रद्द केला. त्या खटपटींत एक गोष्ट उघड झाली. सरकार म्हणत होतें, जवळ आमची शाळा आहे, तिकडे जा. आणि मोलमजुरी करणारे आईबाप म्हणत होते, तीच तर नको. ज्यांच्यासाठीं ती शाळा उरली म्हणून समजलें जातें त्यांनाहि ती नको आहे. स्विफ्ट यांची 'अपुरेपणा'ची कसोटी लावावयाची तर तिचा पहिला लाभ या आईबापांना द्यावा लागेल. आपला क्रम बराच मागचा आहे. अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०१५ मध्यें असा आदेश दिला होता, कीं सरकारी नोकर, लोकप्रतिनिधि, न्यायाधीश या सर्वांनीं आपलीं मुलें सरकारी प्राथमिक शाळांतच पाठवावीं. लोक त्याला हंसले, आणि तो अंमलांत आला नाहीं. पण हर्शमन यांना जें म्हणावयाचें होतें तें त्या न्यायालयाला बिनचूक कळलें होतें.

आमच्या वाचकाला याहून जवळचा एक पेंच आहे, आणि त्याविषयीं या इंग्रजी ग्रंथांत कांहीं सांपडणार नाहीं. लंडनमधील दोन्ही शाळांत एकच भाषा बोलली जाते. आपल्याकडे शाळेबरोबर भाषाहि निवडावी लागते. मराठी शाळा ओस पडत आहेत, वीसपेक्षां कमी पट असलेल्या शाळा एकत्र करण्याचे बेत निघत आहेत, याविषयींचे लेख आपण हळहळून वाचतों, सभांत टाळ्या देतों, आणि नातवाच्या शाळेची बस आली कीं त्याला इंग्रजींत हांक मारून निरोप देतों. हें ढोंग आहे काय? ग्रंथाच्या पहिल्या धड्याप्रमाणें तेवढ्यानें तें ढोंग ठरत नाहीं. सर्वांचीं मुलें मराठींत शिकावीं अशी इच्छा असूनहि, सगळी शर्यत इंग्रजींत लागली असतां एकट्यानेंच मुलाला मागें ठेवण्याचें बंधन कोणावर नाहीं. हें वाचून पुष्कळांना सुटल्यासारखें वाटेल.

पण त्याच धड्याचा दुसरा अर्धा वाचला म्हणजे ही सुटका टिकत नाहीं. मोटारवाल्याला ढोंगापासून वांचविलें तें कशानें? निर्बंध झाला तर तो आनंदानें पाळीन, या त्याच्या तयारीनें. तसाच प्रश्न आपणांस करावा. उद्यां असा कायदा आला, कीं वस्तींतल्या सर्व मुलांनीं, बंगल्यांतल्या आणि चाळींतल्या, चौथीपर्यंत वस्तींतल्या एकाच मराठी शाळेंत जावें, तर त्याला आपण मत देऊं काय? हा विचार नवा नाहीं. परिसरांतील सर्व मुलांना एकच समान शाळा असावी ही शिफारस कोठारी आयोगानें १९६६ सालींच करून ठेविली आहे, आणि तिच्यासाठीं मध्यमवर्गाचा एकहि मोर्चा निघाल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. मराठी शाळा जगावी ही आपली इच्छा खरी असेल. परंतु ती दुसऱ्यांच्या मुलांनीं जगवावी, अशी त्या इच्छेंत एक मुकी अट असते. ती अट ज्याच्या मनांत आहे त्याला स्विफ्ट यांच्या ग्रंथांत आसरा नाहीं.

सरकारी शाळा सुधारतच नाहीं, हें म्हणणें तर वस्तुस्थितीला धरून नाहीं. पुणें जिल्ह्याच्या खेड तालुक्यांतील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ सालीं एका जागतिक स्पर्धेंत लोकांच्या मतांवरून दिलें जाणारें पारितोषिक मिळालें. शिक्षक आणि गांवकरी एकत्र आले म्हणजे काय होतें, याचीं अशीं उदाहरणें महाराष्ट्रांत आणखीहि आहेत. तीं वारंवार दाखविलीं जातात खरीं, पण तीं दाखवितांना आपण मुख्य गोष्ट गाळतों. तेथें गांव शाळेच्या पाठीशीं उभा राहिला.

हक्काच्या कायद्यानें आवाजाची कांहींशी तजवीज केलेली आहे. सरकारी व अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिति असावी आणि तिचे पाऊण सभासद तेथें शिकणाऱ्या मुलांचे पालक असावे, असें त्यांत म्हटलें आहे. मूल काढलें कीं ही जागा जाते. ज्या पालकांना आज ती आहे त्यांतले बरेच रोजंदारीवर जातात. सभेच्या दिवशीं त्यांचा रोज बुडतो. उरलेल्या पाव भागांत एखादी जागा स्थानिक शिक्षणतज्ज्ञासाठीं ठेवण्याची सोय आहे, आणि तिच्यासाठीं आपलें मूल त्या शाळेंत असण्याची अट नाहीं. निवृत्त प्राध्यापकांनीं आणि बँकेंतून बाहेर पडलेल्या गृहस्थांनीं गजबजलेल्या आपल्या पेठांतून ही जागा मागण्यास किती जण जातात, याचा तपास ज्यानें त्यानें आपल्या वॉर्डांत करावा. स्विफ्ट यांच्या ग्रंथाला तिसरा भाग असता तर तो येथून सुरू झाला असता. निवड झाली, मूल बसमध्यें बसलें. आतां मागें राहिलेल्या शाळेशीं आपला संबंध कोणता? ग्रंथकार मुलाच्या प्रवेशापाशीं थांबतात.

निजतांनाच्या गोष्टीचा धागा पुढें उकलून पाहण्याची ज्यांना इच्छा असेल त्यांनीं हॅरी ब्रिगहाउस यांच्या सहकार्यानें स्विफ्ट यांनीं लिहिलेला २०१४ सालचा 'फॅमिली व्हॅल्यूज' हा ग्रंथ पाहावा. त्यांत आईबापांना मुलांवर हक्क मुळीं कशामुळें पोहोंचतो, येथपासून विचार आहे. तो अधिक पंडिती असून त्याची भाषा जड आहे. पहिल्या ग्रंथांतील वाचकाशीं समोरासमोर बसून बोलण्याची रीति त्यांत राहिलेली नाहीं.